थिबा राजाच्या देशात संघराज्याचा शोध

यादवी युद्धाच्या वणव्यात उभे राहून पुढच्या राज्यघटनेचा मसुदा करायला बसणे, हा प्रकार जगात क्वचितच पाहायला मिळतो. आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात 2021 पासून नेमके हेच घडत आले आहे.

रत्नागिरीला गेलेला पाहुणा थिबा राजवाडा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. समुद्राकडे आणि खाडीकडे पाहणारी ती लालसर वास्तू, लाकडी नक्षीच्या खिडक्या आणि ओसाड दालने पाहून मनाला हुरहूर लागते. इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेच्या गादीवरून खाली खेचलेल्या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाने आयुष्याची उरलेली तीस वर्षे रत्नागिरीतच काढली आणि 1916 मध्ये तिथेच देह ठेवला. त्याच काळात इकडचे लोकमान्य टिळक 1908 ते 1914 या वर्षांत मंडालेच्या तुरुंगात होते. ‘गीतारहस्य’ लिहिले गेले ते तिथेच. त्यांचा राजा आमच्याकडे कैदेत आणि आमचा पुढारी त्यांच्याकडे, असा हा इतिहासाचा विलक्षण खेळ!

मराठी माणसाच्या मनात ब्रह्मदेश एवढाच शिल्लक असतो. पण राजा गेल्यावर त्या देशाचे काय झाले? निरनिराळे वंश, भाषा आणि धर्म असलेल्या त्या मुलखाने एकत्र राहायचे ते कोणत्या अटींवर? हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे तिथे आजवर लाखो माणसे देशोधडीला लागली आहेत.

रात्री आठ वाजता वाजलेल्या थाळ्या

8 नोव्हेंबर 2020 रोजी म्यानमारमध्ये (1989 पासून देशाचे अधिकृत नाव हेच) निवडणूक झाली. ऑंग सान सू ची यांच्या ‘नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी’ या पक्षाने संसदेच्या 476 पैकी 396 जागा जिंकल्या. नव्या संसदेची पहिली बैठक 1 फेब्रुवारी 2021 रोजी भरायची होती. त्याच पहाटे सरसेनापती मिन ऑंग ल्हाइंग यांनी सत्ता ताब्यात घेतली. राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट आणि सू ची यांना अटक झाली.

दुसऱ्या दिवशी रात्री यांगून शहरातल्या घराघरांतून भांडी वाजू लागली. थाळ्या, पातेली, झाकणे, जे हाताला लागेल ते. घरात शिरलेले भूत पळवून लावायचे असेल तर भांडी बडवायची, अशी तिथे जुनी समजूत आहे. भूत कोणते, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. मंडालेच्या डॉक्टरांनी सरकारी काम बंद केले. मागोमाग शिक्षक, रेल्वे कामगार, बँकेतले कारकून बाहेर पडले. 8 मार्चला, जागतिक महिलादिनी, बायकांनी आपली लुंगीसारखी वस्त्रे दोरीवर टाकून रस्त्याच्या आडवी टांगली. बाईच्या वस्त्राखालून गेले की पुरुषाचे पौरुष नष्ट होते, हा जुना समज सैनिकही मानतात. त्यामुळे काही ठिकाणी शिपाई दोऱ्या सोडत बसले आणि तेवढ्यात निदर्शकांना पळायला वेळ मिळाला!

हे हसू फार दिवस टिकले नाही. लष्कराने नि:शस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. मार्च संपेपर्यंत मृतांची संख्या शेकड्यांत गेली. शहरातली कॉलेजची मुले जंगलाची वाट धरू लागली. तिथे त्यांना आसरा दिला तो करेन, काचिन, कारेन्नी आणि चिन लोकांनी. शाळेच्या पुस्तकांत ज्यांना ‘बंडखोर’ म्हणून रंगवले जात होते, तेच आता त्यांना भात वाढत होते. बहुसंख्य बमार समाजाच्या अनेक तरुणांनी त्या दिवसांत उघडपणे माफी मागितली. सीमाभागातल्या लोकांची गावे इतकी वर्षे जळत होती, तेव्हा आपण गप्प बसलो, ही ती खंत होती.

या खंतीतूनच एका वेगळ्या परिषदेचा जन्म झाला.

एका देशात दोन कारभार

ब्रह्मदेशात सरकारी यादीप्रमाणे 135 जमाती आहेत. लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश बमार. ते इरावतीच्या खोऱ्यात सपाट, सुपीक प्रदेशात राहतात. भोवती घोड्याच्या नालासारखा डोंगराळ पट्टा आहे आणि त्यात शान, काचिन, चिन, कारेन्नी, करेन, मोन, अराकानी असे समाज आहेत.

इंग्रजांनी या देशाचा कारभार दोन तऱ्हांनी चालवला. सपाटीवर त्यांचे स्वत:चे अधिकारी, पुढे कायदेमंडळ. डोंगराळ भागात मात्र तिथल्या सरदारांना हाताशी धरून वेगळी व्यवस्था. दुसऱ्या महायुद्धात ही दरी रक्ताने भरली. बमार राष्ट्रवादी आधी जपानच्या बाजूने उतरले, तर करेन आणि काचिन लोक इंग्रजांबरोबर राहून लढले. एकमेकांच्या गावांवर हल्ले झाले. स्वातंत्र्य दारात आले तेव्हा या जखमा ओल्या होत्या.

सू ची यांचे वडील जनरल ऑंग सान यांनी हे ओळखले होते. 12 फेब्रुवारी 1947 रोजी शान प्रदेशातल्या पांगलाँग या गावी त्यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांबरोबर करार केला. डोंगराळ मुलखांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता मिळेल आणि तेथील लोकांना लोकशाहीचे सारे हक्क असतील, असा शब्द दिला गेला. करेन नेत्यांनी मात्र सही केली नाही. पाच महिन्यांनी, 19 जुलै 1947 रोजी, ऑंग सान यांची त्यांच्या सहकाऱ्यांसह हत्या झाली. शब्द देणारा गेला, शब्द कागदावर राहिला.

4 जानेवारी 1948 रोजी देश स्वतंत्र झाला. घटनेत संघराज्याची भाषा होती, पण सत्तेच्या चाव्या राजधानीत राहिल्या. वर्षभरात करेन संघटनेने हत्यार उचलले. जगातल्या सर्वांत लांबलेल्या यादवी युद्धांपैकी एकाची ती सुरुवात होती.

एका घराण्याची परवड

या सगळ्याची झळ कशी लागते, हे पाहायचे तर एकाच कुटुंबाकडे पाहावे. साओ श्वे थाइक हे शान प्रदेशातल्या यौंगह्वे संस्थानचे अधिपती. पांगलाँगच्या बैठकीत त्यांचा पुढाकार होता आणि स्वतंत्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होण्याचा मान त्यांनाच मिळाला.

पुढे 1961 मध्ये शान राज्याची राजधानी तौंगजी येथे निरनिराळ्या जमातींचे प्रतिनिधी जमले. बमार बहुल प्रदेशाचेही एक राज्य करा, सगळी राज्ये समान माना, वरिष्ठ सभागृहात सर्वांना सारख्या जागा द्या, अशी त्यांची मागणी होती. यात फुटून निघण्याची भाषा नव्हती. पंतप्रधान ऊ नू यांनी चर्चेसाठी फेब्रुवारी 1962 मध्ये रंगूनला परिषद बोलावली. ती चालू असतानाच, 2 मार्चच्या पहाटे, जनरल ने विन यांनी बंड केले. संघराज्यामुळे देशाचे तुकडे पडतील, हे कारण पुढे करण्यात आले.

त्या रात्री श्वे थाइक यांच्या घरावर शिपाई चालून गेले. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गोळीबारात ठार झाला. स्वत: श्वे थाइक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कैदेतच वारले. त्यांच्या पत्नी मुलांना घेऊन देशाबाहेर पडल्या आणि 1964 मध्ये शान लढ्याच्या नेतृत्वात उभ्या राहिल्या. त्यांचा एक मुलगा चाओ त्सांग जंगलात लढला. नंतर कॅनडात प्राध्यापक झाला आणि 2004 मध्ये मरेपर्यंत संघराज्याच्या घटनेवरच काम करत राहिला. राष्ट्राध्यक्षाच्या घराची ही गत, तर डोंगरातल्या साध्या शेतकऱ्याचे काय झाले असेल?

जंगलातला पहिला प्रयोग

1988 मध्ये देशभर लोक रस्त्यावर आले आणि लष्कराने तो उठाव चिरडला. तेव्हाही विद्यार्थी सीमेकडे पळाले होते. त्याच वर्षी विविध जमातींच्या संघटना आणि बमार विद्यार्थी यांनी मिळून ‘डेमोक्रॅटिक अलायन्स ऑफ बर्मा’ ही आघाडी स्थापली. 1990 च्या निवडणुकीत सू ची यांच्या पक्षाने 485 पैकी 392 जागा जिंकूनही लष्कराने सत्ता सोडली नाही. तेव्हा काही निवडून आलेले खासदार थायलंडच्या सीमेवरील मानेरप्लॉ या करेन तळावर पोहोचले आणि डिसेंबर 1990 मध्ये त्यांनी निर्वासित सरकार बनवले. सू ची यांचे चुलतभाऊ सेन विन त्याचे पंतप्रधान झाले.

लाकूड आणि बांबूच्या घरांत बसून पुढच्या संघराज्याचे बेत आखले गेले. पण करेन लोकांतच ख्रिस्ती आणि बौद्ध अशी फूट पडली. लष्कराने तिचा नेमका फायदा उठवला आणि जानेवारी 1995 मध्ये मानेरप्लॉ पडले. घरातली भांडणे मिटली नाहीत तर शत्रूला दार फोडावे लागत नाही, हा त्या पराभवाचा धडा होता.

परिषद बसते कशी?

2021 चा प्रयोग याच धड्यावर उभारलेला आहे. बंडानंतर चारच दिवसांनी निवडून आलेल्या खासदारांनी संसदेची प्रतिनिधी समिती स्थापली. पण केवळ मतपेटीतून आलेल्या लोकांनी निर्णय घेतले तर पुन्हा बमार पक्षाचेच राज्य, अशी इतरांना शंका होती. म्हणून मार्चमध्ये सर्वांना एकत्र बसवणाऱ्या मंडळाची जुळवाजुळव सुरू झाली. तिचे नाव राष्ट्रीय एकता सल्लागार परिषद.

या परिषदेत नाना तऱ्हेची माणसे आहेत. निवडून आलेले खासदार, राजकीय पक्ष, जमातींच्या सशस्त्र संघटना, राज्याराज्यांतल्या सल्लागार परिषदा, तसेच संपकरी कर्मचारी, स्त्रिया आणि तरुण यांच्या संघटना. एका बाजूला मतांचा अधिकार सांगणारे, दुसऱ्या बाजूला सत्तर वर्षांच्या लढ्याचा. त्यामुळे नेतृत्व सामुदायिक आणि निर्णय शक्यतो एकमताने, असा दंडक ठरला. कोणी जंगलात, कोणी परदेशात, कोणी शहरात लपून. बैठका बहुतेक इंटरनेटवरच भरत. 16 नोव्हेंबर 2021 रोजी परिषदेने आपले अस्तित्व जाहीरपणे घोषित केले.

तिच्या कामाचा पाया म्हणजे संघराज्य लोकशाहीची सनद. 31 मार्च 2021 रोजी ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वेळी लष्कराची 2008 ची घटना रद्द झाल्याचे खासदारांच्या समितीने जाहीर केले. त्या घटनेने संसदेत एक चतुर्थांश जागा लष्कराला दिल्या होत्या, तर घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांशांहून अधिक मते लागत. म्हणजे लष्कराने मान हलवल्याशिवाय घटनेचा स्वल्पविरामही बदलणे अशक्य! सनदेचे दोन भाग आहेत. पहिल्यात भावी संघराज्याची तत्त्वे: राज्यांना समान दर्जा, स्वयंनिर्णयाचा हक्क, अल्पसंख्याकांना संरक्षण, आणि सैन्य मुलकी सरकारच्या हुकमतीखाली. दुसऱ्यात तोपर्यंतच्या हंगामी कारभाराची व्यवस्था.

16 एप्रिल 2021 रोजी राष्ट्रीय एकता सरकार स्थापन झाले. अटकेतील राष्ट्राध्यक्षांच्या वतीने कारभार पाहण्याची जबाबदारी काचिन समाजाच्या दुवा लाशी ला यांच्याकडे आली, तर पंतप्रधान झाले करेन समाजाचे मान विन खाइंग थान. बमारेतर माणसे एकदम एवढ्या वरच्या जागांवर येणे, ही त्या देशात साधी गोष्ट नव्हे. जानेवारी 2022 मध्ये पहिली लोकपरिषद भरली आणि दुरुस्त्यांसह सनदेला मान्यता मिळाली.

भांडणाचे मुद्दे

हे सारे वाचून चित्र गोंडस वाटेल. प्रत्यक्षात परिषदेच्या बैठका म्हणजे मतभेदांचे गुऱ्हाळच असते, अशी तक्रार तिच्या हितचिंतकांचीच आहे. एकमताचा आग्रह धरला की निर्णय रेंगाळतात. सरकार परिषदेला विचारत नाही, परस्पर कारभार करते, असेही आक्षेप आले.

मूळ प्रश्न अधिक अवघड आहेत. बमार प्रदेशाचे राज्य एक असावे की अनेक? प्रत्येक राज्याला स्वत:चे सैन्य असावे का? खनिजे आणि जंगलांचे उत्पन्न कोणाचे? आणि काही बलवान सशस्त्र संघटना परिषदेबाहेर राहिल्या, त्यांचे काय? 27 ऑक्टोबर 2023 रोजी उत्तर शान राज्यात तीन संघटनांनी मिळून मोठी मोहीम उघडली. त्यातलीच अराकान आर्मी पुढे राखाइन प्रदेशाच्या मोठ्या भागाची धनी झाली. ऑगस्ट 2024 मध्ये लाशिओ शहर आणि तेथील लष्करी मुख्यालय पडले. देशाच्या इतिहासात लष्कराने विभागीय मुख्यालय गमावण्याची ही पहिलीच वेळ. पण एप्रिल 2025 मध्ये चीनच्या दबावाखाली तेच शहर लष्कराला परत करण्यात आले. रणांगणावरचा विजय आणि टेबलावरचा तह यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे.

सर्वांत नाजूक प्रश्न रोहिंग्यांचा. 2017 मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेव्हा सू ची यांनी लष्कराची पाठराखण केली होती. 2019 मध्ये त्या हेगच्या न्यायालयातही उभ्या राहिल्या. एकता सरकारने जून 2021 मध्ये या अन्यायाची कबुली दिली आणि 1982 चा नागरिकत्व कायदा बदलण्याचे वचन दिले. 2023 मध्ये ऑंग क्याव मो हे रोहिंग्या गृहस्थ मानवी हक्क खात्याचे उपमंत्री झाले. वचन मोठे आहे. पण शेजाऱ्याला शेजारी म्हणून स्वीकारणे हे सनदेने होत नाही, त्याला मने बदलावी लागतात.

कारेन्नीचा धडा

या गदारोळात एका लहानशा राज्याने वेगळी वाट दाखवली. कारेन्नी हे देशातले सर्वांत लहान राज्य. एप्रिल 2021 मध्ये तिथल्या संघटनांनी आपली राज्य सल्लागार परिषद बनवली. लष्कराच्या नोकरीत राहायचे नाही म्हणून बाहेर पडलेल्या पोलिसांचे नवे पोलीस दल उभे राहिले. जून 2023 मध्ये हंगामी कार्यकारी मंडळ स्थापन झाले. विमानांतून बॉम्ब पडत असताना झाडाखाली शाळा, झोपडीत दवाखाना, तंटे मिटवायला न्यायव्यवस्था, असा हा संसार आहे.

राजधानीतून कोणी अधिकार वाटून देईल, याची वाट त्यांनी पाहिली नाही. आधी आपले घर उभे करू, मग सगळी घरे मिळून गाव होईल, असा हा विचार. संघराज्य खालून वर बांधायचे, असे आज तिथले अनेक जाणकार म्हणू लागले आहेत ते यामुळेच.

टियाऊ नदीच्या अलीकडे

भारताची आणि म्यानमारची सीमा 1,643 किलोमीटरची आहे. मिझोराममध्ये ती टियाऊ नदीवरून जाते. नदीच्या पलीकडचे चिन आणि अलीकडचे मिझो यांची भाषा, आडनावे, चर्चमधली गाणी मिळतीजुळती. 2021 नंतर तीस हजारांहून अधिक लोक या बाजूला आले. मिझो गावांनी त्यांना तांदूळ दिला, मुलांना शाळेत घेतले. पाहुणा नव्हे, रक्ताचा माणूस आला आहे, ही त्यामागची भावना होती.

चिन लोकांतही एकी नव्हती. डिसेंबर 2023 मध्ये एका गटाने स्वतंत्र घटना करून चिनलँड परिषद स्थापली, तर दुसऱ्या गटाने वेगळी आघाडी उभारली. दोघांच्या बंदुका एकमेकांवर रोखल्या गेल्या. अखेर 26 फेब्रुवारी 2025 रोजी दोन्ही गटांनी आयझॉलमध्ये बसून एक होण्याच्या करारावर सह्या केल्या. मुख्यमंत्री लालदुहोमा त्या वेळी हजर होते.

हा करार आयझॉलमध्ये व्हावा, यात एक औचित्य आहे. 1966 मध्ये मिझोरामनेही हत्यार उचलले होते. वीस वर्षे रक्त सांडल्यावर 30 जून 1986 रोजी करार झाला. 1987 मध्ये मिझोराम राज्य बनले. मिझोंच्या चालीरीती आणि जमिनीच्या हक्काला भारतीय घटनेने खास संरक्षण दिले. कालचे बंडखोर मुख्यमंत्री झाले. राज्य दिल्याने देश फुटला नाही, उलट सांधला गेला. ब्रह्मदेशच्या सेनापतींनी साठ वर्षे जी भीती दाखवली, तिला याहून चोख उत्तर कोणते?

2024 संपेपर्यंत म्यानमारमध्ये तीस लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून देशातल्या देशात विस्थापित झाली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये लष्कराने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा लागू केला, तेव्हा घरोघरच्या आयांनी तरुण मुलांना सीमेपलीकडे धाडले. 28 मार्च 2025 च्या भूकंपाने मंडाले हादरले. 28 डिसेंबर 2025 पासून लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. पण मोठ्या मुलखात मतदान झालेच नाही आणि सू ची यांचा पक्ष तर 2023 मध्येच रद्द करण्यात आला होता.

अशा वेळी, सत्ता हाती नाही, राजधानी ताब्यात नाही, मग घटनेच्या कलमांवर वाद घालणाऱ्या या परिषदेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर पांगलाँगच्या कागदात आहे. तिथे शब्द दिला गेला, पण तो कसा पाळायचा हे ठरायच्या आत शब्द देणारा मारला गेला. शब्द एकट्या माणसाच्या भरवशावर न ठेवता सगळ्यांनी मिळून लिहून ठेवायचा, एवढीच या परिषदेची धडपड आहे. युद्ध आज ना उद्या थांबेल. त्या दिवशी बंदुका खाली ठेवून माणसे एकमेकांसमोर बसतील, तेव्हा त्यांच्यापुढे कोरा कागद नसावा.